धाकू सारंगाचे लॉन

आमच्या कोकणात गवत वाढवायला माणूस ठेवावा लागत नाही. ते आपण होऊन येते. कौलांवर येते, गडग्याच्या दगडी कुंपणात येते, विहिरीच्या आतल्या अंगाला येते, आणि पावसाळ्यात माणूस चार दिवस एका जागी बसला तर त्याच्या अंगावरही येईल. अशा मुलखात मी सारा जन्म गवताला खत घालून पोट भरले. माझ्या सासऱ्यांना हे शेवटपर्यंत पटले नाही. जावई काय करतो असे कोणी विचारले, की "सरकारात आहे" एवढेच सांगून ते विषय बदलायचे.

सरकारात होतो हे खरे. देवगडकडच्या एका डाकबंगल्यावर मी माळी होतो. त्याआधी मुंबईत एका पारशी बाईंच्या बंगल्यावर सहा वर्षे काढली आणि हिरवळीचे काम तिथे शिकलो. बाईंचे नाक फार तिखट. खत किती पडले, कधी पडले, ओले होते की सुके, हे त्या गॅलरीत उभ्या राहून नुसत्या वासावरून सांगत. मी आयुष्यात एकाच माणसाला भ्यायलो, ते त्या बाईंच्या नाकाला.

बाहेरच्या माणसाला वाटते, लॉन म्हणजे गवत लावले, पाणी घातले, संपले. तसे नसते. हरळीचे पोट लहान मुलासारखे असते. थोडे थोडे आणि वेळेवर द्यावे लागते. लावण्याआधी जमिनीत चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत मिसळायचे, ते तिचे मूळ भांडवल. मग ती धरली, दोनदा कापून झाली, की वरचे खत सुरू. कापले की द्यायचे, कारण कापलेले गवत भुकेलेले असते. पाती कोरडी हवीत आणि माती ओलसर हवी. ऊन उतरल्यावर द्यायचे आणि लगेच पाणी मारायचे. मुसळधार पावसात द्यायचे नाही आणि भर दुपारी तर मुळीच द्यायचे नाही. एवढे सहा नियम पाळले तर कोणीही लॉन करील. पण हे सहाही नियम पाळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

देवगडात एक वकील होते. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि मी गेल्यावर आपल्या माडांना घालतात ते सुक्या मासळीचे खत पोतेभर हिरवळीवर पसरले. माडाला जे चालते ते गवताला का चालू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्या दिवशी गावातली यच्चयावत कुत्री त्यांच्या दारात हजर झाली. त्यांनी सगळी हिरवळ उकरून काढली आणि वकिलांचे एक अशील दोन तास गडग्यावर चढून बसले. तरी वकील मला म्हणाले की चूक खताची नाही, कुत्र्यांची आहे. वकिलाशी कोण वाद घालणार?

पण सांगायचे आहे ते धाकू सारंगाचे. गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची ही गोष्ट आहे.

धाकू सारंग मिठबावचा. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. तीस वर्षे परदेशी बोटींवर काढून तो घरी परतला होता. उंच, काळा, आवाज असा की घरात बोलला तरी समुद्रावर ऐकू जावे. चैत्रातल्या एका सकाळी तो डाकबंगल्यावर आला, आमच्या हिरवळीला दोन फेऱ्या घातल्या, खाली बसून हात फिरवला आणि मला म्हणाला, असलेच लॉन माझ्या दारात दिवाळीनंतर हवे.

मी म्हटले, सारंगांनू, हा शौक कशाला? तुमच्याकडे खळे असेल ना?

खळे म्हणजे आमच्याकडचे घरापुढचे अंगण. पाऊस संपला की ते दरवर्षी नव्याने करायचे. माती ओढायची, चोपण्याने चोपून सपाट करायची, शेणाने सारवायची. मग आठ महिने त्या खळ्यावर भात झोडायचे, मिरच्या वाळवायच्या, आमसुले वाळवायची, लग्ने लावायची. खळे नसलेले घर म्हणजे आमच्याकडे घरच नव्हे. ते मोडून कोणी गवत लावतो हे मी ऐकले नव्हते.

धाकू आजूबाजूला बघून हळू आवाजात बोलायला लागला, म्हणजे फाटकापर्यंतच ऐकू जाईल इतक्या.

"साहेबाक मी सांगलंय, माझ्या दाराफुडे लॉन आसा. वीस वर्सां सांगतंय. आता तो बघूक येता."

साहेब म्हणजे त्याच्या बोटीचा कप्तान. धाकूवर त्याचा जीव होता. निवृत्त होऊन विलायतेला जाण्याआधी मुंबईहून किनाऱ्याच्या बोटीने देवगडला उतरायचे आणि सारंगाच्या त्या प्रसिद्ध लॉनवर बसून चहा प्यायचा, असे त्याने पत्राने कळवले होते. धाकूने बोटीवर नुसते "लॉन आहे" म्हटले असते तरी निभावले असते. त्याने बारीकसारीक वर्णने केली होती. त्याची रुंदी सांगितली होती, कडेची फुले सांगितली होती, एकदा त्याला वाळवी लागली होती हेसुद्धा सांगितले होते. आता ते लॉन कार्तिकात मिठबावला हजर करायचे होते. नाहीतर तीस वर्षांत ज्याच्या शब्दावर साहेबाने वादळात बोट सोडली, तो धाकू खोटारडा ठरणार होता. त्याला मरणापेक्षा हे वाईट वाटत होते आणि तसे त्याने मला बोलून दाखवले.

मी हो म्हटले. आता वाटते, हो म्हणण्याआधी मी त्याच्या बायकोला विचारायला हवे होते. खळे तिचे होते. तीस वर्षे धाकू समुद्रावर असताना ते चोपणारी आणि सारवणारी तीच. पण तेव्हा मी तरुण होतो आणि मिठबावात लॉन करणारा पहिला माळी होण्याची हौस मला चढली होती.

बायकोचे नाव जनाकाकी. मी पहिल्या दिवशी कुदळ घेऊन गेलो तेव्हा ती पडवीत सूप घेऊन बसली होती. तिने विचारले, काय लावतोस? मी म्हटले, हरळी. तिने सूप खाली ठेवले. शेतकऱ्याच्या बाईने जन्मभर जी वाकून वाकून उपटायची, ती हरळी लावायला नवऱ्याने देवगडाहून माणूस आणला होता. तुळशीभोवतीची चार हात जागा तेवढी तिने बोटाने आखून दाखवली. तिथे कुदळ लागली तर खबरदार, असा त्याचा अर्थ होता.

मृगात लागवड झाली. जांभ्याचा कातळ वर डोकावत होता, म्हणून मळ्याची माती आणून ओतली, त्यात चाळलेले शेणखत मिसळले आणि हरळीच्या कांड्या चार चार बोटांवर खोचल्या. आषाढात ती धरली. आता धाकूला धीर निघेना. सोसायटीत भातासाठी विलायती खत आले होते, जाड्या मिठासारखे पांढरे. शास्त्रात त्याला अमोनियम सल्फेट म्हणतात. ते घाल, ते घाल, म्हणून तो माझ्या मागे लागला. पाऊस तुफान कोसळत होता. नियम मला पाठ होता, तरी त्याच्या आवाजापुढे मी नमलो आणि एक हप्ता टाकला.

तो हप्ता हरळीच्या मुळाशी क्षणभरही टेकला नसेल. सगळा वाहून खालच्या मळ्यात गेला. खालचा मळा सखाराम नावाच्या शेजाऱ्याचा होता. महिन्याभरात त्याचे भात असे काळेभोर वर आले की लोक थांबून बघायचे. सखारामने त्या वर्षी राखणदाराला, म्हणजे शेतशिवार राखणाऱ्या देवाला, कोंबडा दिला होता. त्याने पुढल्या वर्षी दोन द्यायचे कबूल करून टाकले. मी गप्प राहिलो. राखणदाराच्या श्रेयात वाटा मागणे बरे नव्हे.

श्रावणात उघडीप मिळाली आणि हरळीने अंग धरले. मग भाद्रपद आला आणि एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती ती गावाच्या लक्षात आली. हरळी म्हणजे दुर्वा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अर्धे मिठबाव परड्या घेऊन धाकूच्या दारात उभे होते. इतक्या कोवळ्या, इतक्या स्वच्छ दुर्वा पंचक्रोशीत कुठे नव्हत्या. धाकू दारात आडवा उभा राहिला. पण देवाच्या दुर्वांना नाही कोण म्हणणार? बायका बसल्या आणि एकवीस एकवीसच्या जुड्या करून त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळे लॉन खुडून नेले. धाकू डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मी मात्र खूश होतो. इतकी एकसारखी कापणी माझ्या कात्रीनेही झाली नसती.

कापले की द्यायचे, हा नियम वर सांगितलाच आहे. पण मला गणपतीसाठी माझ्या गावी, कुडाळकडे, जायचे होते. म्हणून जनाकाकीला सांगितले की ताजे शेण पाण्यात पातळ कालवा, फडक्यातून गाळा आणि उद्या ऊन उतरल्यावर गवताला द्या. तिने मान हलवली. मी निर्धास्त मनाने मोदक खायला गेलो.

सहाव्या दिवशी परत आलो आणि गडग्याच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकातच, थांबलो. लॉन दिसत नव्हते. त्या जागी एक सुरेख सारवलेले खळे होते. चार बोटांचे अर्धगोल एकात एक गुंतवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे रेष चुकलेली नाही. कडेला पांढरी रांगोळीही होती. इतके चांगले सारवण मी आजवर पाहिलेले नाही. त्याखाली माझी हरळी श्वास कोंडून पडली होती.

मी काकीला विचारले, हे काय केले? ती शांतपणे म्हणाली:

"शेण दी म्हणान तू सांगलंस, मी दिलंय. हात माझो, तो सारवतलोच."

तिने ते भोळेपणाने केले की मुद्दाम, हे मला आजही सांगता येणार नाही. शेण हातात आले की तिचा हात दुसरे काय करणार, हे तर खरेच होते. पण तेवढ्यात धाकू बाहेर आला आणि संतापाच्या भरात नको ते बोलून गेला. तो म्हणाला, बोटीवर सगळे आपापल्या घरापुढे काय आहे ते सांगत. मी काय सांगणार होतो?

"दारात शेण सारवतत, ह्या साहेबाक कसा सांगू? माका लाज वाटली. म्हणान लॉन सांगलंय."

जनाकाकी गोठ्यातून आली होती, तिचे हात शेणाचे होते. तिने ते एकदा पाहिले आणि ती विहिरीकडे गेली. पुढे पंधरा दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पण तेही जरा लांबून. मला तेव्हा फार वाईट वाटले, आणि त्यात माझाही हात होता म्हणून जास्त वाटले. हरळीचे म्हणाल तर तिला काही झाले नाही. दोन सरी आल्या, शेण भिजून मुळाशी उतरले आणि ती आधीपेक्षा दाट उगवली. मी काकीला हे सांगायला गेलो तर तिने मला पाणीही विचारले नाही.

खरा घात पुढे झाला आणि तो धाकूने केला. साहेबाच्या बोटीचा दिवस कळला होता, महिना राहिला होता. नवरात्र उलटले की पाऊस ओसरतो. तेव्हा एक हलका शेवटचा हप्ता द्यायचा आणि थांबायचे, एवढेच मी ठरवले होते. मूठभर विलायती खत, दहा मुठी बारीक रेती, दोन्ही एकत्र करून विरळ फेकायचे. पण मी डाकबंगल्यावर अडकलो होतो आणि धाकूला वाटले की हप्ता दुप्पट केला तर हिरवळ दुप्पट होईल. त्याने रेती वगळली आणि दुप्पटीच्या जागी पोतेच उचलले. भर दुपारी, उन्हात, डेक धुताना खलाशी चालतात तसा सरळ रेषेत मागेपुढे चालत त्याने मुठी भरभरून खत ओतले. वर पाणी घातले नाही. धुऊन जाईल म्हणून.

मी रविवारी गेलो तेव्हा लॉनवर पट्टे उठले होते. एक पट्टा हिरवा, एक करपलेला, पुन्हा हिरवा, पुन्हा करपलेला, थेट गादीच्या कापडासारखे. धाकू पायरीवर बसला होता. त्याचा आवाज पहिल्यांदाच मला नीट ऐकू येईना. तो म्हणाला, साहेबाला तार करतो, येऊ नको म्हणून. घरात देवी आल्यात म्हणून सांगतो. एक खोटे झाकायला दुसरे, आणि तेही देवीचे.

मी सांगितले की उपाय एकच आहे. पाणी. इतके पाणी घालायचे की खत मुळाखालून निघून जाईल. तीन दिवस, न थांबता. पण विहीर खाली, चढण चढून पाणी आणायचे, आणि आम्ही दोघे. ते शक्य नव्हते आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होते.

जनाकाकी पडवीत होती. तिने सगळे ऐकले असावे. ती उठली, कळशी घेतली आणि गडग्यापाशी जाऊन शेजारणींना हाका मारायला लागली. दहा-बारा जणी जमल्या. त्यांतल्या एकीने विचारले की गेले गवत तर बरेच झाले, आता खळे करूया, पाणी कशाला? काकीने धाकूकडे पाहिलेही नाही. ती म्हणाली:

"तीस वर्सां तेचो शबुद कोणी खोटो केल्यान नाय. माझ्या दारात होवचो नाय. हाडा पाणी."

तीन दिवस विहिरीपासून लॉनपर्यंत पाणी आणणाऱ्या बायकांची रांग लागली होती. मी मेलेले उपटले, धडधाकट कांड्या मध्ये मध्ये खोचल्या, वर बारीक माती आणि जुने शेणखत चाळून दिले, आणि हात जोडले. धाकूला मी खताच्या पोत्याच्या दहा हात जवळ येऊ दिले नाही. धुऊन निघालेले सगळे खत अर्थातच सखारामच्या मळ्यात गेले. पण त्याचे भात तेव्हा कापून झाले होते, नाहीतर राखणदाराला बोकड मिळाला असता.

कार्तिकात लॉन हिरवे झाले. मी माझ्या तोंडाने सांगू नये, पण पारशी बाई असत्या तर त्यांनीही नाक मुरडले नसते. बोटीच्या दिवशी मी डाकबंगल्यातल्या दोन वेताच्या खुर्च्या आणि एक टेबल बैलगाडीत घालून मिठबावला आणले. सरकारी सामान होते, पण दुरुस्तीला नेतो असे मी खानसाम्याला सांगितले होते. खोटे बोलण्याची साथ त्या वर्षी आमच्यात होतीच. धाकूने विलायती किटली आणि कप काढले. पितळी बटणांचा कोट घातला आणि तो गाडी घेऊन देवगड बंदरावर गेला.

दुपारी गाडी परत आली. धाकू एकटाच होता. बोट आली होती, तिच्यावरची माणसे किनाऱ्याला आणणारा पडावही आला होता, पण साहेब उतरला नाही. बोटीवरच्या कारकुनाने एक पत्र आणि एक जड पुडके तेवढे दिले होते.

पत्र शाळेच्या मास्तरांनी वाचले. अख्खे मिठबाव गडग्याबाहेर उभे होते. साहेबाने लिहिले होते की डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे, मी सरळ घरी चाललो आहे, याचे मला दुःख आहे. तुझे लॉन पाहायचे राहिले. तुझ्या लॉनसाठी माझ्या देशातले उत्तम खत पाठवतो आहे, पिशवीवर सूचना आहेत, त्या पाळ. मास्तरांनी पुडक्यातली पिशवी वळवून सूचनाही वाचल्या. पहिला हप्ता, बर्फ वितळून जमीन मोकळी झाल्यावर. दुसरा, झाडांना पालवी फुटल्यावर. पुन्हा बर्फ पडण्याआधी दोन महिने खत बंद करावे.

मग सखारामने गंभीरपणे विचारले:

"मास्तरांनू, ह्या बर्फ खंयच्या नक्षत्रात पडता?"

मास्तर हसले, मग सगळेच हसले. धाकू हसला नाही. लोकांनाही ते कळले असावे, कारण ते एकेक करून निघून गेले. धाकू कोट न काढता एका खुर्चीत बसला, समोर दुसरी खुर्ची रिकामी. त्याचे खोटे उघडे पडले नाही आणि खरेही झाले नाही. एवढ्या मेहनतीने खरे केलेले लॉन ज्याला दाखवायचे तोच आला नव्हता. मी झारी घेऊन कडेला उभा राहिलो.

जनाकाकी घरातून आली. तिने नेसलेले ठेवणीतले लुगडे साहेबासाठीच काढले असणार. ती खुर्चीपाशी थोडी थांबली. आमच्याकडे बाईमाणूस तेव्हा नवऱ्यासमोर खुर्चीत बसत नसे, तेही दारात, रस्त्यावरून दिसेल असे.

"तो येवचो नाय तर नाय," ती म्हणाली. "मी बसतंय."

आणि ती बसली. धाकू बघतच राहिला. मग तो उठला, कोटाची बटणे सारखी केली, साहेबाला ओतला असता तसा दोन हातांनी किटली धरून तिच्या कपात चहा ओतला आणि कप तिच्या हातात दिला. हळूच काहीतरी म्हणालाही. त्याच्या आवाजाची एकूण जात पाहता ते मला ऐकू यायला हवे होते, पण आले नाही. फक्त "खळा" एवढा एक शब्द कळला. काकीने डोळे पुसले. मग दोन घोट घेऊन ती म्हणाली:

"साखर घालूक इसारलात."

सारंग साखर आणायला घरात धावला. मी पाठ फिरवली आणि झारीने पाणी घालत राहिलो. खरे तर त्या दिवशी गवताला पाण्याची काही गरज नव्हती.